वायदांचे चित्रपट कोणत्या क्रमाने दाखवावेत?

पणजीच्या मॅकिनेझ पॅलेससारख्या आटोपशीर सभागृहात पोलिश दिग्दर्शक आंद्रेय वायदा (१९२६–२०१६) यांच्या कारकिर्दीचे सिंहावलोकन घडवायचे असेल, तर सुरुवात ‘कनाल’ने (१९५७) करू नये, १९४४ च्या नाझीविरोधी उठावात वॉर्सामधील गटारांतून निसटू पाहणाऱ्या बंडखोरांची ती घुसमट नवख्या प्रेक्षकाला जड जाते. आधी ‘अ‍ॅशेस अँड डायमंड्स’ (१९५८) ठेवावा. त्यात बारच्या फळीवर मद्याचे प्याले एकेक करून पेटवत नायक मृत साथीदारांची आठवण जागवतो, तो प्रसंग निरखून पाहावा असाच आहे. ‘मॅन ऑफ मार्बल’ (१९७७) आणि कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा ‘मॅन ऑफ आयर्न’ (१९८१) लागोपाठच्या संध्याकाळी दाखवावेत, कारण दुसरा पहिल्याचीच कथा पुढे नेतो. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्याकांडावरचा ‘कातिन’ (२००७) शेवटी ठेवावा. १९४० च्या त्याच हत्याकांडात वायदांचे वडील मारले गेले, एवढे मात्र, पाहुण्यांची भाषणे आवरून, आधीच सांगावे.