अंतर्मनाला सूचना देताना या चुका टाळा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका कॉट बेसिसच्या खोलीत, पलंगाच्या डोक्याशी, चार्ट पेपरच्या तुकड्यावर लाल स्केच पेनने लिहिलेले एक वाक्य मी काही वर्षांपूर्वी पाहिले: 'मी उपजिल्हाधिकारी आहे.' राज्यसेवेची तयारी करणारा तो मुलगा आमच्या गावाकडचा. रोज उठल्यावर आणि निजण्यापूर्वी तो हे वाक्य एकवीस वेळा म्हणत असे, आणि पूर्वपरीक्षेत दोनदा अपयश आल्यावरही त्याने त्यात खंड पडू दिला नव्हता. "काका, अंतर्मनापर्यंत पोहोचतच नाही बहुतेक. कुठं चुकतंय माझं?" असे त्याने विचारले, तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. पुढे या विषयावरचे जे संशोधन वाचनात आले आणि स्वतःवर जे करून पाहिले, त्यातून एक गोष्ट मला पटली: स्वयंसूचना निरुपयोगी नाही, परंतु बहुतेक जण तिला कृतीच्या शेजारी न बसवता कृतीच्या जागी बसवतात, आणि ती फसते ती तिथेच.

चुकांकडे वळण्याआधी अंतर्मन या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे, कारण निम्मा घोटाळा त्यातच आहे. घासल्यावर हुकूम विचारणारा दिव्यातला राक्षस आपल्या आत दडलेला आहे, असे चित्र या विषयावरच्या भाषणांतून उभे केले जाते. प्रत्यक्षात आपले लक्ष नसतानाही मन जी असंख्य कामे उरकत असते, त्यांना मिळून हे एक सोयीचे नाव आहे. घराला कुलूप लावले की नाही हे जिना उतरल्यावर आठवत नाही, म्हणून परत वर जावे तर कुलूप लावलेलेच असते. ते लावणारे जे कोणी असते, ते अंतर्मन. ते सवयीने शिकते आणि खुणेने जागे होते. भाषणबाजीला ते फारसे भुलत नाही.

मनाला न पटणारे वाक्य

सर्वात जास्त आढळणारी आणि सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे जे आपल्यालाच खरे वाटत नाही, ते खरे असल्याच्या थाटात घोकणे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचे वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितले होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच चांगले होते, त्यांना थोडासा फायदा झाला. ज्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटत होता आणि म्हणूनच ज्यांना या वाक्याची खरी गरज होती, त्यांना मात्र ते म्हटल्यावर, न म्हणणाऱ्यांपेक्षा, अधिक वाईट वाटले. याचे कारण समजायला प्रयोगशाळेची गरज नाही. 'मी उपजिल्हाधिकारी आहे' असे तो मुलगा म्हणाला की त्याचे मन तत्क्षणी उत्तर देई की कटऑफला अकरा गुण कमी पडले होते. दिवसातून बेचाळीस वेळा तो यशाची सूचना देत होता असे त्याला वाटे, आणि दिवसातून बेचाळीस वेळा तो आपल्या अपयशाची उजळणी करत होता.

आधुनिक स्वयंसूचनेचा पाया ज्याने घातला, त्या एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने ही अडचण शंभर वर्षांपूर्वीच ओळखली असावी. १८५७ मध्ये त्र्वा या गावी जन्मलेला आणि पुढे नान्सी शहरात लोकांना विनामूल्य मार्गदर्शन करणारा हा माणूस वीस गाठी मारलेल्या दोरीवर मोजून, सकाळी जागे होताना आणि रात्री झोपताना, ओठ हलतील इतक्याच आवाजात एक वाक्य वीस वेळा म्हणायला सांगे. आपल्याकडची जपमाळ डोळ्यांसमोर आणली की ही रीत परकी वाटत नाही. त्याच्या वाक्याचा भावार्थ असा: 'दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, माझी स्थिती सुधारत चालली आहे.' यातले क्रियापद पाहण्यासारखे आहे. 'सुधारली आहे' असे तो म्हणत नाही, 'सुधारत चालली आहे' असे म्हणतो. चालू असलेल्या सुधारणेला मन सहसा हरकत घेत नाही, कारण ती सिद्ध करण्याचा पुरावा आजच्या आज मागता येत नाही.

आपले वाक्य तपासण्याचा सोपा उपाय असा, की ते एकदा मोठ्याने म्हणावे, गप्प बसावे आणि मनातून येणारे पहिले उत्तर ऐकावे. 'हो, तसे आहे खरे' असे काही आले तर वाक्य ठेवावे. 'कशाला थापा मारतोस' असे आले तर ते खाली उतरवावे. 'मला गणित उत्तम येते' यापेक्षा 'शेकडेवारीची उदाहरणे मला आता पूर्वीइतकी अडत नाहीत' हे वाक्य दिसायला फिके आहे, परंतु त्याच्यामागे वहीतला पुरावा उभा आहे.

मनातले मांडे

दुसरी चूक पहिलीइतकीच गोड आहे. डोळे मिटून यशाचे चित्र पाहावे, त्यात रंग भरावेत, दिव्याची गाडी, सत्कार, आईच्या डोळ्यांतले पाणी हे सारे अनुभवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मराठीने याला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे: मनातले मांडे. गॅब्रिएल एटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने हेच मांडे मोजून पाहिले. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या २५ स्त्रियांचा तिने आणि थॉमस वॅडन यांनी केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. 'मला हे जमेल' अशी अपेक्षा बाळगणाऱ्या स्त्रियांचे वजन अधिक घटले होते, आणि सडपातळ झाल्याची सुंदर चित्रे रंगवणाऱ्यांचे कमी घटले होते. आशा आणि दिवास्वप्न या दोन्हींना आपण एकाच 'सकारात्मकता' या पोत्यात भरतो. परिणाम मात्र उलटसुलट. पुढे २०११ मध्ये हीथर कापेस यांच्यासोबत केलेल्या प्रयोगांत असेही दिसले, की इच्छापूर्तीची रंगीत चित्रे पाहिल्यावर माणसांची शारीरिक चेतना, म्हणजे वरचा रक्तदाब, उतरतो. काम झाल्यावर शरीर जसे सैलावते, तसे ते काम न होताच सैलावते.

मग कल्पनाचित्र पाहूच नये का? पाहावे, पण शेवटाचे नव्हे, वाटेचे. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील विद्यार्थ्यांवर केलेला, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या साऱ्या साहित्यात सर्वाधिक उपयोगाचा वाटतो. परीक्षेच्या काही दिवस आधी एका गटाने चांगले गुण मिळाल्याचे चित्र रोज काही मिनिटे पाहिले, दुसऱ्याने आपण अभ्यासाला बसलो आहोत, पुस्तक उघडले आहे, टिपणे काढत आहोत, असे चित्र पाहिले. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला, जास्त वेळ केला आणि गुणही जास्त मिळवले.

सदाशिव पेठेतल्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो हिरमुसला. लाल अक्षरांचा तो कागद काही त्याला काढवेना. मीही आग्रह धरला नाही. आम्ही त्याच्या खाली दुसरा कागद लावला. त्यावर लिहिले होते: 'सकाळी चहाचा कप विसळून ठेवला, की मोबाइल कपाटात ठेवायचा आणि भूगोलाची वही उघडायची.' निजण्यापूर्वी डोळे मिटून हेच पाहायचे, तेही कप विसळतानाच्या पाण्याच्या आवाजासकट. त्या खोलीत रोज नेमकी काय अडचण येते हेही चित्रात आणायचे ठरले: समोरच्या कॉटवरचा मित्र क्रिकेटचा विषय काढतो. त्याने तो काढला, तर वही उचलून सरळ अभ्यासिकेत जायचे. 'अमुक झाले, तर मी तमुक करीन' अशा जर-तरच्या योजना नुसत्या निश्चयापेक्षा अधिक पाळल्या जातात, हे पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. त्याचे कारणही अंतर्मनाच्या स्वभावातच आहे: खूण दिसली की हात आपोआप हलतो. तीन-चार आठवड्यांनी त्या मुलाने फोनवर तक्रार केली, की आता सुट्टीच्या दिवशीही कप विसळला की हात मोबाइल ठेवायला कपाटाकडे जातो.

वास्तुपुरुषाचा धसका

'असे अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो,' हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरातले मूल मोठे होत नाही. घरातली भाषा शुभ असावी एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर ते छानच आहे. परंतु अंतर्मनाच्या नव्या पुस्तकी शास्त्राने या वास्तुपुरुषाला माणसाच्या डोक्यात आणून बसवले, आणि मनात वाईट विचार आला की तो खराच होणार या धास्तीने माणसे स्वतःच्या विचारांवर पहारा ठेवू लागली. हा पहारा हमखास उलटतो. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते आणि विचार आलाच तर घंटी वाजवायची होती. घंट्या वाजतच राहिल्या. इतकेच नव्हे, तर नंतर विचार करण्याची मुभा मिळाल्यावर, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा या मंडळींच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. विचार हाकलायचा म्हणजे तो आला आहे का हे सारखे पाहायचे, आणि पाहायचे म्हणजे त्याला बोलावायचे.

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपल्याच भाषेतली आहे. मनात नको ते येतेच, सगळ्यांच्याच येते. मुलगी रात्री उशिरापर्यंत घरी आली नाही, की आईच्या डोळ्यांपुढे काय काय उभे राहते, आणि मुलगी वडापाव खात खात घरी येते. त्या आईच्या चित्रांना प्रत्यक्षात उतरण्याची शक्ती असती, तर एकही घर शिल्लक राहिले नसते. वाईट विचार आल्यास 'आला' एवढी नोंद घ्यावी, त्यात कामाची सूचना असल्यास (विमा भरायचा राहिला आहे, छातीत दुखते आहे, दाखवून यावे) ती कागदावर उतरवावी आणि पुढच्या कामाला लागावे.

जोर लावणे

मला स्वतःला एके काळी रात्री दोन-अडीचला जाग येई आणि पुन्हा डोळा लागत नसे. 'मला गाढ झोप लागत आहे' अशी सूचना मी मोठ्या निष्ठेने देत असे आणि मधूनमधून घड्याळ पाहून ती लागू पडली का हे तपासत असे. पहाटेपर्यंत सूचना चोख चालू राही. कुए याने यावरही बोट ठेवले होते: इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांची झुंज लागली, की कल्पनाशक्ती जिंकते, आणि आपण जितका जोर लावू तितका ती उलट दिशेने जोर लावते. झोपेचे उदाहरण तो स्वतः देत असे. झोप, लाजरेपणा, भाषण करताना थरथरणारा आवाज, आठवता आठवता निसटलेले नाव, अशा ठिकाणी सूचना हलक्या हाताने, लहान मुलाला थोपटावे तशी द्यावी लागते. मी शेवटी घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवले आणि 'पडून राहिले तरी विश्रांती मिळते' एवढेच मनाशी म्हणू लागलो. ते खरे होते, म्हणून मन वाद घालत बसले नाही. झोप काही पहिल्याच रात्री आली नाही, पण काही आठवड्यांनी दोन वाजता उठून चिडण्याचे कारण उरले नाही.

एकवीस दिवसांचा हिशोब आणि रात्रीचे ध्वनिमुद्रण

एकवीस दिवसांत अंतर्मन बदलते, हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लेखनातून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. 'किमान' हा शब्द वाटेत कुठेतरी गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यकाने (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना याहून जास्त) ६६ दिवस लागतील असे दिसले. व्यक्तीगणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि त्यातला मोठा आकडा अर्थातच गणिती अंदाजाने काढलेला होता. याच अभ्यासातली दिलासा देणारी बाब अशी, की एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. बाविसाव्या दिवशी 'माझ्या अंतर्मनात दम नाही' असे ठरवून वही बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

झोपेत ऐकण्याच्या ध्वनिमुद्रणांवर पैसे घालवण्याआधी १९९१ मधला अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग माहीत असावा. कानाला ऐकू न येणाऱ्या सूचना दडवलेल्या कॅसेटी त्यांनी लोकांना महिनाभर ऐकायला दिल्या, काही स्मरणशक्तीच्या, काही आत्मविश्वासाच्या, आणि त्यातल्या निम्म्यांवर मुद्दाम चुकीचे लेबल चिकटवले. ज्याच्या कॅसेटवर जे लेबल होते, तीच गोष्ट सुधारल्याचे बऱ्याच लोकांना वाटले. आत काय भरले होते त्याचा चाचण्यांत काही प्रभाव दिसला नाही.

आजारपणात

इथे मात्र चुकीला जागा नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, रक्तदाबाचे औषध, थायरॉइडची गोळी, मनोविकारावरची औषधे यांपैकी काहीही 'मी निरोगी आहे' या सूचनेवर विसंबून बंद करू नये. कमी करायचे असल्यास ते डॉक्टरांनी करावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याला सकारात्मक विचारांचा तुटवडा समजू नये. तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते. घरातल्या रुग्णाला 'तू नकारात्मक विचार करतोस म्हणून बरा होत नाहीस' असे सांगणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्या वाक्याने रुग्णावर आजाराच्या जोडीला आणखी एक ओझे पडते: आपला आजार आपणच ओढवून घेतला, हे. रुग्णाच्या उशाशी बसून सूचना द्यायचीच असेल, तर 'उद्या अकराला डॉक्टरांकडे जायचे आहे, मी येतो बरोबर' ही द्यावी.