सोलापुरात एकेक नग घडवून फर्निचरचा धंदा उभा करायचा असेल तर

प्लायच्या कामात चूक लॅमिनेटखाली झाकता येते. अस्सल लाकडाच्या घडीव नगात ती वर्षभरात बाहेर येते, आणि तोच नमुना पुन्हा करायचा नसल्यामुळे झालेला तोटा पुढच्या नगावर भरूनही निघत नाही. म्हणून हत्यारं घेण्याआधी लाकडातली ओल आणि कागदावरचा हिशेब, या दोन गोष्टी पक्क्या करा.

सोलापूरच्या मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत चढतो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. सप्टेंबरच्या पावसात तीच हवा दमट होते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, म्हणजे फुगतं आणि आकसतं. टेबलाचा, सपाट चिरलेल्या सागवानाचा 36 इंच रुंद टॉप, ओल 5 टक्क्यांनी बदलली की सुमारे 8 मिमी कमीजास्त होतो. तो फ्रेमला चारी बाजूंनी स्क्रू आणि फेविकॉलने जखडला, तर उन्हाळ्यात चीर ठरलेली. गिऱ्हाईक म्हणतं लाकूड कच्चं होतं. पुष्कळदा लाकडाचा दोष नसतो, बांधणीचा असतो.

उपाय सोपा आहे. फ्रेमच्या पट्ट्यांना आतून 12 मिमी खोल खोबण काढा. 10 मिमी जीभ (खोबणीत शिरणारं टोक) असलेले लाकडी गुटके त्यात सरकवा आणि स्क्रू फक्त गुटक्यातून टॉपला मारा. आखूड पट्ट्यांच्या मधोमध प्रत्येकी एक स्क्रू पक्का ठेवा, म्हणजे टॉप दोन्हीकडे सारखा, 4-4 मिमी सरकेल. लांब पट्ट्यांवर मात्र ऋतू बघावा लागतो. जोडणी उन्हाळ्यात असेल तर गुटका पट्टीपासून 5 मिमी लांब ठेवा, कारण टॉप पुढे फुगणार आहे. पावसाळ्यात असेल तर गुटका पट्टीला भिडवा; टॉप आकसला की जीभ थोडी बाहेर येईल, पण खोबणीतून सुटणार नाही.

गोंद लावण्याआधी ओल मोजायच्या मीटरवर ओल 8 ते 10 टक्के दिसली पाहिजे. वरच्या पृष्ठभागावरचं रीडिंग फसवं असतं. फळीचं टोक वीतभर कापून ताज्या कापावर मोजा. आणलेल्या फळ्या सावलीत, दर दोन फुटांवर एक इंची पट्ट्या घालून रचा आणि टोकांना ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकं तडकतात. महिनाभर तरी त्या वर्कशॉपच्या हवेला बसू द्या. उन्हाळ्यात चिकटवण्याचं काम सकाळी उरका. दुपारी क्लॅम्प आवळेपर्यंत गोंदावर साय धरते आणि जोड कमजोर राहतो.

लाकूड निवडताना बल्लारशाच्या सागवानाचं नाव सगळेच घेतात, पण पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि चौकटी हा एकेक नग करणाऱ्यासाठी उत्तम माल आहे. तो पूर्ण मुरलेला असतो. अडचण खिळ्यांची. मशीनवर देण्याआधी लोहचुंबक फिरवा; एक खिळा राहिला तरी रंध्याचं पातं गेलं. बाभूळ स्वस्त आणि दणकट, बाकांना आणि पायांना चालते, मात्र तिचा बाहेरचा पांढरा भाग काढून टाका, किडा तिथूनच लागतो. गिऱ्हाईक शेतातला साग देतो म्हणालं, तर तोडण्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास त्याच्याकडून आधी मागा.

आता हिशेब. समजा 6 बाय 3 फुटांचं जेवणाचं टेबल आहे. सव्वा इंची कच्च्या (रंधण्याआधीच्या) मापाने टॉपला 1.88 घनफूट, 3 बाय 3 इंची चार पायांना 0.63, चार इंची फ्रेमला 0.52, म्हणजे 3 घनफूट. गाठी, चिरा आणि रंध्याचा भुसा धरून 35 टक्के वाढवा: 4 घनफुटांचे पैसे लावा. नवखा माणूस 3 घनफुटांचं कोटेशन देतो आणि इथेच मार खातो. त्यावर कारागिराचे दिवस, पॉलिश, मशीनची घसाई, वाहतूक. ड्रॉइंगचे पैसे वेगळे घ्या, नाहीतर तुमचं ड्रॉइंग घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या सुताराकडे जातं. अर्धी रक्कम आगाऊ, 40 टक्के पॉलिशआधी कच्चा नग दाखवून, उरलेले पोचवताना. पॉलिशआधी दाखवणं टाळू नका. माप किंवा आकार बदलायचा तर तीच शेवटची संधी.

सुरुवातीला फळ्या एकसारख्या जाडीच्या रंधणारं थिकनेस मशीन घेऊ नका, रंधाई बाहेरून जॉबवर करून घ्या. पैसा चांगल्या पटाशा, गुण्या, खोबणी काढायचं राउटर मशीन आणि निदान आठ क्लॅम्पांवर घाला. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे: हत्यारांसाठी 15,000 रुपये, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, नंतर 2 लाखांचं कर्ज. एका कुटुंबातून, म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांतून, एकालाच मिळतं, तेव्हा घरात आधी ठरवून घ्या. लहान धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

पावसाळ्यात लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. भर पावसात हात मारू नका, कोरडं ऊन पडलेला दिवस बघा.

माप घ्यायला गेलात की खोलीबरोबर दार आणि जिन्याचं वळणही मोजा. टेबल सहज आत जात नसेल तर पाय बोल्टचे करा. आणि कूलर कुठे आहे ते बघून ठेवा. ओला वारा एका बाजूने थेट टॉपवर आला की फळी वाकते, मग बांधणी कितीही चोख असो. कूलरपासून निदान 6 फूट अंतर, हे बिलावरच लिहून द्या.