इतिहासचित्र रंगवताय? या चुका टाळा

पोशाख, शस्त्रं, घोड्याचा साज यांचा अभ्यास महिनोन्‌महिने चालतो, आणि तैलरंगाचे थर कसे चढवायचे हे मात्र ब्रश हातात घेतल्यावर ठरतं. प्रसंगाचा अर्थ इथेच निसटतो.

सगळ्यात महागात पडते ती थरांची घाई. मी एकदा रणांगणावरची रात्र रंगवली. पार्श्वभूमीच्या काळ्यात जवसाचं तेल सढळ ओतलं आणि आठवडाभरातच त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या पांढऱ्यात मरणाऱ्या सैनिकाचा चेहरा उठवला. तो काळा होता आयव्हरी ब्लॅक, आणि तो फार सावकाश वाळतो. वरचा थर आधी सुकला, खालचा हलत राहिला. वर्षभरात कपाळापासून हनुवटीपर्यंत भेगा. बघणारे त्यांना तलवारीचे वार समजले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला शांतता हवी होती. माझ्या उतावळेपणाने तिथे क्रौर्य आलं. आता खालचा अंधार मी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने करते, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून. तो लवकर वाळतो. तेल वरच्या थरांत वाढवत नेते. नख टेकवून पाहते, ठसा उमटला तर कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवते. ‘रंग लवकर वाळावा म्हणून त्यात ड्रायर घालू का?’ असं नवशिके विचारतात. नका घालू. थांबा.

बिट्यूमेन या डांबरी रंगाच्या तपकिरी खोलीला भुलू नका. तो पुरता वाळतच नाही, आक्रसतो, काळवंडतो. एकोणिसाव्या शतकातली कित्येक चित्रं त्याने खाल्ली.

दुसरी चूक चमकेची. हत्याकांड रंगवायचं आणि वर चकचकीत वॉर्निश फासायचं! समोर उभं राहिलं की प्रेतांऐवजी दिव्यांचं प्रतिबिंब दिसतं. पिकासोने १९३७ साली ‘गेर्निका’साठी मुद्दाम कमीत कमी चमकेचा, घरांना लावतात तसला रंग घेतला. जवळपास पावणेआठ मीटर रुंदीचा कॅनव्हास, आणि त्यावर काळा, पांढरा, करडा. स्पेनमधल्या गेर्निका गावावरच्या बॉम्बहल्ल्याची बातमी त्याने वर्तमानपत्रांतूनच वाचली होती, आणि छापील कागदाचा तो कोरडेपणा चित्रात उतरला आहे. तेच चित्र तुकतुकीत असतं तर त्यातली किंकाळी सजावट झाली असती. मी मॅट, म्हणजे बिनचमकेचं वॉर्निश आधी फळीच्या तुकड्यावर लावून, खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघते.

तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नको.

आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या सुरीने, थापलेला जाड रंग सगळीकडे नको. राजाचा मुकुट आणि पायदळी तुडवलेला चिखल सारख्याच जाडीचे झाले तर नजर कुठे थांबणार? मी आधी एकच जागा ठरवते. एका चित्रात ती जागा जमिनीवर पडलेला हात होती. मुकुट पातळच ठेवला.