झाडाने मान टाकली? झारी उचलण्याआधी या चुका टाळा

पानं मलूल दिसली की पहिलं सुचतं ते पाणी. कुंडीतली बरीच झाडं इथेच दगावतात. पान ताठ राहतं ते पेशींतल्या पाण्याच्या दाबामुळे. मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून गेलं की दाब उतरतो आणि पान लोंबतं. माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नसेल, तर झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. म्हणून आधी बोट दोन इंच मातीत खुपसा.

माती ओली, तरी झाड मलूल. वाफसाच येत नसेल, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहत नसेल, तर मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग बुरशी शिरते. मातीचा गड्डा अलगद बाहेर काढून मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, गिळगिळीत. चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच कुंडीत, भुसभुशीत नव्या मातीत झाड लावा आणि सावलीत ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत खत नको. कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो हा समज काही केल्या जात नाही. पाणी खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं. भोक मोकळं आहे ना, ते बघा.

पाणी घातलं, पण मुरलंच नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पार वाळलं की आक्रसतं आणि पाणी कडेच्या फटीतून थेट खाली जातं. ओतल्याबरोबर बशीत पाणी आलं तर कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा आणि निथळू द्या.

दुपारचं पान बघून घाबरणं. भोपळ्यासारखी मोठ्या पानांची झाडं भर उन्हात मलूल होतातच. सकाळी बघा. सकाळीही पानं लोंबलेली असतील तरच काहीतरी बिघडलंय.

मलूल झाडाला खत देणं. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं. पानांची टोकं करपलीत, मातीवर पांढरा थर आलाय? थर खरवडा आणि कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट पाणी थांबत थांबत ओता, खालून वाहून जाऊ द्या.

मर रोग न ओळखणं. टोमॅटो, वांगी, मिरचीचं हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत कोसळलं तर जिवाणूजन्य मर असू शकते. बुंध्याजवळचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा लोंबकळत धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागे उतरले तर शंका नको. बुरशीची मर सावकाश येते: आधी खालची पानं पिवळी पडतात, कधी एकाच बाजूची, आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसतात. दोन्हींवर उपाय नाही. झाड मुळासकट उपटा, कंपोस्टमध्ये टाकू नका, कात्री-खुरपी निर्जंतुक करा आणि त्या मातीत पुन्हा याच कुळातलं काही लावू नका. उपटताना मुळांवर गाठी दिसल्या तर मात्र तो सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतांचा, उपद्रव समजा.