पुणे विद्यापीठात शिकायला येताय? गावाहून निघण्याआधी एवढं करा

कपडे, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी हे आई सांगेलच, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. बादली घरून आणू नका, इथे मिळते. यंदा धाकटा भाऊ एम.एस्सी.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतोय. त्याच्यासाठी लिहायला बसले आणि वाटलं, नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली याच वाटेने येतात, त्यांनाही उपयोगी पडेल. माझ्या वेळी एक गोष्ट बघायची राहिली आणि पहिलं सेमिस्टर उधारीवर काढावं लागलं. म्हणून ती आधी.

तुमचं आधार कोणत्या बँकेत सीड आहे, म्हणजे सरकारी पैशासाठी कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे, ते बघा. बॅग भरायच्या आधी, आजच.

बँकेत विचारलंत तर खिडकीवरून 'लिंक आहे' एवढंच उत्तर येईल. तेवढ्यावर परत फिरू नका. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग झालं, असं होत नाही. त्यासाठी एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे एका बँकेचं नाव लागावं लागतं. एका वेळी एकच बँक लागते आणि शेवटी जिने नोंद केली तीच चालते. आधारवरून येणारा सरकारी पैसा त्या नोंदीप्रमाणे जातो. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिलाय, पासबुकाचा कोणता फोटो जोडलाय, याला काही अर्थ उरत नाही.

माझा महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज मंजूर होता, पहिला हप्ता जमा झाल्याचंही दिसत होतं, आणि पुण्यातल्या खात्यात एक रुपया नव्हता. पैसे गेले होते शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्यात. दोन वर्षं आपण काहीच व्यवहार केला नाही की बँक खातं निष्क्रिय करते. ते चालू करायला त्या शाखेने मलाच समोर बोलावलं. शाखा तालुक्याला, मी पुण्यात, परीक्षा तोंडावर. मेसवाल्या काकूंनी पैशासाठी थांबून घेतलं आणि भाड्याचे पैसे मैत्रिणीने दिले, म्हणून निभावलं. सगळ्यांना अशा काकू भेटतील याच्या भरवशावर राहू नका.

बघायचं कसं, तर मायआधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करा, तिथे बँक सीडिंग स्टेटस असतं. बँकेचं नाव दिसतं आणि नोंद चालू आहे की नाही तेही दिसतं. लॉगिनला ओटीपी लागतो, म्हणजे आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. बऱ्याच घरांत तो नंबर वडिलांच्या कधीच्या बंद पडलेल्या सिमचा निघतो. तसं असेल तर आधी आधार केंद्रावर स्वतः जाऊन नंबर बदला. त्याला दिवस लागतात, म्हणून लवकर. मुलींनी आणखी एक बघायचं: २०२४ साली लाडक्या बहिणीच्या फॉर्मच्या गडबडीत घराघरात सीडिंग झालं. तुमचं वय २१ च्या पुढे असेल आणि तेव्हा अर्ज भरला असेल, तर तुमचं आधार त्या वेळच्या खात्याला असणार. ते खातं चालू असेल, एटीएम कार्ड तुमच्या हातात असेल, तर राहू द्या. नसेल तर हव्या त्या बँकेत डीबीटी सीडिंगचा संमती अर्ज भरा, पोच घ्या आणि काही दिवसांनी पुन्हा स्टेटस बघा. पोच मिळाली म्हणजे काम झालं असं धरू नका.

आता कागदपत्रं. टीसी, मार्कमेमो सगळे आणतात. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन लागतं, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर ही कामं आपल्या तालुक्याला, सेतूमधून किंवा आपले सरकार केंद्रातून होतात. पुण्यात बसून होत नाहीत. दाखल्यावरची मुदत वाचा. ३१ मार्चला संपलेला दाखला घेऊन जूनमध्ये रांगेत उभी राहिलेली मुलं मी दरवर्षी बघते. जातवैधता आलेली नसेल तर अर्ज केल्याची पावती तरी जवळ ठेवा. मूळ कागद विभागात जमा करण्याआधी प्रत्येकाची मागची-पुढची बाजू स्कॅन करून मोबाईलवर आणि मेलवर ठेवा, कारण एकदा फाईलमध्ये गेलेला कागद परत हातात यायला वेळ लागतो आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला तोच लागतो.

राहण्याचं. प्रवेश मिळाला म्हणजे हॉस्टेल मिळालं, असं गावाकडे सगळे धरून चालतात. तसं नाही. हॉस्टेलचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, आणि जागा विद्यार्थ्यांच्या मानाने कमी. पहिल्या यादीत नाव नसेल तर पुढच्या यादीच्या तारखेवर डोळा ठेवा, नोटीस बोर्डासमोर स्वतः जाऊन उभे राहा. मित्राच्या खोलीत चोरून राहायचा विचार करू नका. तपासणीत सापडलात तर दंड त्यालाही होतो, त्याची खोलीही जाऊ शकते. गरजू ग्रामीण मुलामुलींसाठी विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं पुण्यात १९५५ पासूनच्या कामातून उभी आहेत. तिथला अर्ज वेगळा असतो आणि मुलाखत होते, तोही वेळेत भरा. सामाजिक न्याय विभागाची सरकारी वसतिगृहं आहेत, तिथेही अर्ज टाकून ठेवा. एकाच्या भरवशावर बसू नका.

बाहेर खोली बघायची तर कॉट बेसिसवर बघावी लागते. एका खोलीत तीन-चार कॉट, तुमची एक कॉट आणि एक कपाट. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षावाल्यांची गर्दी असते आणि विद्यापीठ तिथून लांब पडतं. खडकी, गोखलेनगर, जनवाडी, औंध, पाषाण हे जवळचे भाग. जवळ म्हणजे फाटकापर्यंत जवळ, हे लक्षात असू द्या: विद्यापीठ ४११ एकरांत पसरलंय आणि फाटकापासून विभाग चांगला चालायला लावतो. खोली दिवसा बघू नका, संध्याकाळी सातच्या पुढे बघा. त्या वेळी नळाला पाणी आहे का, मोबाईलला रेंज आहे का, जिन्यात दिवा लागतो का, हे कळतं. संडास-बाथरूम किती जणांत आहे ते विचारा. गीझर आणि वाय-फाय भाड्यात धरलंय का तेही विचारा, कारण पहिल्या बिलाच्या दिवशी हेच वाद होतात. एजंटाकडून घेतलंत तर तो बहुधा एक महिन्याचं भाडं मागतो. डिपॉझिट वेगळं.

इथे मात्र जरा थांबून वाचा. भाडेकरार तुमच्या नावाने लेखी करून मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. कॉट बेसिसवाले बरेच मालक म्हणतात, 'कशाला करार, आपला विश्वास आहे ना?' विश्वास असू द्या, कागदही असू द्या. बाहेर खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी सरकारच्या ज्या योजना आहेत, त्यांच्या अर्जात तुम्ही भाड्याने राहता याचा पुरावा मागतात. करार नसला की तिथेच अडतं. डिपॉझिट रोख देऊ नका, ऑनलाइन द्या, आणि राहायला जायच्या दिवशी भिंती, पंखा, कपाट यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. सोडताना रंगाचे आणि दुरुस्तीचे पैसे कापायला सुरुवात झाली की ते कामी येतात.

योजना कोणकोणत्या? हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे, ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, तुमचा अभ्यासक्रम बसतो का ते स्वतः वाचा, मित्र सांगतो म्हणून अर्ज सोडू नका आणि मित्र सांगतो म्हणून पैसे येतील असंही समजू नका. मुलींची फी माफ झाली असं सगळीकडे ऐकू येतं. २०२४-२५ पासूनची ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. एम.ए., एम.एस्सी.ला येणाऱ्या मुलींनी आपल्याला काय लागू आहे ते विभागाच्या ऑफिसात विचारून घ्यावं.

या योजनांचा पैसा तुमच्या हातात यायचा तो आधारवरून. म्हणजे पुन्हा सीडिंग. अर्ज बिनचूक, कागद पूर्ण, मंजुरी आलेली, आणि नोंद भलत्याच बँकेची, तर वर लिहिलेलं सगळं करून तुम्ही उपाशीच. काही योजनांत फीचा भागही तुमच्याच खात्यात येतो आणि तो तुम्ही विभागात भरायचा असतो. तो भलतीकडे अडकला तर फी थकते, मग निकालाच्या वेळी ऑफिसात हेलपाटे.

आणि पुण्यात आल्यावर जास्त सांभाळा. प्रवेशाच्या दिवसांत बँकांचे टेबल लागतात, झिरो बॅलन्स खातं, सोबत काहीतरी भेट. फॉर्मच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात 'सरकारी अनुदान या खात्यात यावं' अशा संमतीची चौकट असते. घाईत तिथे टिक झाली की नोंद फिरली. सिम घेताना दुकानदार अंगठा लावायला सांगून पेमेंट्स बँकेचं खातं काढून देतो, तिथेही तेच. अंगठा लावण्याआधी विचारा, हे कशासाठी. महाडीबीटीचा अर्ज भरायच्या दिवशी स्टेटस पुन्हा बघा, पहिला हप्ता यायच्या सुमारास पुन्हा बघा. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तरी सरकारी पैसा उशिरा येतो हे धरूनच घरून निघा. डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं, प्रवेश फी आणि दिवाळीपर्यंतच्या मेसचे पैसे, एवढी सोय आधी करा. घरात आत्ताच सांगून ठेवा, वडिलांना मध्येच अडचणीत टाकू नका.

मेस लावण्याआधी दोन-तीन ठिकाणी एकेक वेळ जेवून बघा. महिन्याचे पैसे भरण्याआधी खाड्याचा नियम विचारा: किती दिवस सलग न जेवल्यावर पैसे कापतात, आधी सांगावं लागतं का. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात, त्या जेवणाचा खर्च वेगळा धरा. विद्यापीठात रिफेक्टरी आहे, अनिकेत कँटीन आहे, पण रोजचं कँटीन खिशाला परवडत नाही.

बाकी भराभर. विद्यापीठात काम करून पैसे मिळवायच्या 'कमवा आणि शिका' योजनेचा अर्ज सुरुवातीलाच भरा, जागा भरून जातात. त्यात काम करायची लाज बाळगू नका, फार चांगली मुलं तिथे भेटतात. जयकर ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढा. पीएमपी बसचा विद्यार्थी पास काढा. पावसाळ्यात झाडी भरपूर म्हणून डासही भरपूर, मच्छरदाणी आणाच. ताप आला तर अंगावर काढू नका, आवारात आरोग्य केंद्र आहे. हजेरी सांभाळा, शिष्यवृत्तीलाही ती लागते. इंग्रजीची भीती वाटेल, पहिल्या बाकावर बसा आणि समजलं नाही तर वर्ग सुटल्यावर मराठीत विचारा, सर-मॅडम सांगतात. पावत्या सगळ्या एका फाईलमध्ये, फीची, डिपॉझिटची, मेसची. खोली सोडायची तर महिनाभर आधी मालकाला लेखी कळवा, नाहीतर त्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून जातं.