डोव्हर लेनच्या रात्री आणि जुने कोलकाता : निघण्यापूर्वीची तयारी

जानेवारीतली कोलकात्याची ही सहल चार दिवसांची आहे, पण ती आखायची आहे डोव्हर लेन या रात्रभर चालणाऱ्या शास्त्रीय संगीत संमेलनाच्या दोन रात्रींभोवती. आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी करून उरलेल्या वेळात गाणे बसवायला गेले, की दुसऱ्या रात्री दहालाच डोळे मिटू लागतात आणि ज्यासाठी एवढा प्रवास केला तेच हातून निसटते. म्हणून यादीतली पहिली नोंद झोपेची असावी.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. त्याच्या एक वर्ष आधी, १९५२ मध्ये, दक्षिण कोलकात्यातल्या एका गल्लीच्या नावाने ओळखले जाणारे डोव्हर लेन संगीत संमेलन सुरू झाले होते. सवाईच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकी ज्यांनी ऐकल्या, ती पिढी आता पन्नाशीच्या पुढे गेली आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, उघड्या मैदानावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा पडली आणि उत्तररात्रीचे, पहाटेचे राग आपल्याकडच्या मोठ्या मंचांवरून जवळजवळ हद्दपार झाले. डोव्हर लेनचे संमेलन रवींद्र सरोवराच्या काठी नझरुल मंच या प्रेक्षागृहात भरते आणि संध्याकाळी सुरू होऊन सकाळपर्यंत चालते. मध्यरात्रीचा राग मालकंस मध्यरात्री आणि पहाटेचा राग ललत खरोखरच उजाडण्याआधी ऐकायला मिळणे हे माझ्या दृष्टीने या सहलीचे संपूर्ण प्रयोजन आहे.

संमेलन बहुधा प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या चार-पाच दिवसांत होते. तारखा आणि कलाकारांची यादी आयोजकांकडून जाहीर झाली, की कोणत्या रात्री कोण गाणार-वाजवणार हे पाहून आपल्या दोन रात्री ठरवाव्यात आणि त्या शक्यतो लागोपाठच्या घेऊ नयेत. आधी संमेलनाचे तिकीट, मग रेल्वेचे, असा क्रम आदर्श खरा. परंतु रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच निर्णय घ्यावा लागतो. तोवर संमेलनाचा तपशील निश्चित झाला नसेल, तर परतीची तारीख एक दिवस सैल ठेवावी. मुंबईहून गीतांजली आणि पुण्याहून आझाद हिंद या गाड्या हावड्याला नेतात व दोन्हींना तीस तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे ज्या संध्याकाळी गाणे ऐकायचे त्याच दिवशी पोहोचण्याचे धाडस करू नये. विमानाने जाणाऱ्यांनीही जानेवारीतले सकाळचे धुके लक्षात घेऊन दुपारचे विमान निवडावे. हावड्याहून शहरात येण्यासाठी हुगळीच्या पात्राखालून जाणारी मेट्रो २०२४ पासून सुरू आहे. एस्प्लनेडला गाडी बदलून दक्षिणेकडे यावे. नझरुल मंचाला कालीघाट आणि रवींद्र सरोवर ही दोन्ही स्थानके सोयीची आहेत.

मुक्काम मात्र दक्षिणेतच हवा. पार्क स्ट्रीटजवळ राहण्याचा मोह होतो, कारण जुनी उपाहारगृहे आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांची दुकाने तिकडे आहेत. पण रात्रभर जागून बाहेर पडाल तेव्हा मेट्रो सुरू झालेली नसते, रविवारी तर ती आणखी उशिरा सुरू होते. गरियाहाट, बालीगंज, कालीघाट, हाजरा या भागांत खोली घेतली, तर पहाटे टॅक्सीने थोड्याच वेळात अंथरुणावर पडता येते. हाजरा रस्त्यावरचे महाराष्ट्र निवास याच बाजूला आहे. तिथे खोलीची चौकशी करायची असेल तर फार आधी करावी. खोली ठरवताना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : खिडकीला जाड पडदा आहे का, आणि दुपारी एकपर्यंत कोणी दार वाजवणार नाही ना. खोली सोडण्याची वेळ सकाळची असेल, तर शेवटच्या रात्रीपुरते अर्ध्या दिवसाचे जादा भाडे देण्याची तयारी ठेवावी. शेवटच्या सकाळी बॅगा घेऊन ताटकळत बसण्यापेक्षा ते पैसे सत्कारणी लागतात.

आता झोप. सकाळी सातला झोपून बाराला उठावे, जेवून दुपारी एखादेच ठिकाण पाहावे आणि संध्याकाळी खोलीवर परत येऊन तासभर पाठ टेकावी. रात्रीचे जेवण हलके असावे. कोलकात्याचे जेवण हलके राहत नाही हे मला मान्य आहे. म्हणून भरपेट जेवण दुपारी उरकावे आणि रात्रीसाठी सोबत खाकरा, दशमी, राजगिऱ्याच्या वड्या असे काही घरचे न्यावे. सभागृहाबाहेर चहा मिळतो. नेहमीची औषधे रात्री घेण्याची असतील, तर जागरणाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

कपड्यांच्या बाबतीत आपला अंदाज हमखास चुकतो. कोलकात्याची थंडी पुण्याएवढीच, पहाटे पारा तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरणारी. मात्र तळ्याकाठचा दमटपणा आणि नऊ-दहा तास एका जागी बसणे यामुळे ती हाडात शिरते. चांगली शाल, लोकरी मोजे आणि माकडटोपी हवीच. तिथले रसिक ती निःसंकोच घालून बसलेले असतात. पाठीला लावायला हवेची उशी न्यावी. ध्वनिमुद्रण करू नये, फोन बंद ठेवावा, आणि एक छोटी वही व पेन्सिल खिशात असावी. मागच्या खेपेस माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी अशाच वहीत प्रत्येक रागाचे नाव आणि तो सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवली होती. साडेपाचच्या सुमारास नुसते तानपुरे लागले, पेंगणारी माणसे शाली सावरून ताठ बसली, आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पुढचा सव्वा तास काहीच लिहिले नाही. आपल्यापेक्षा तिथे पाऊण तास आधी उजाडते. बाहेर आलो तेव्हा तळ्यावर धुके होते आणि मातीच्या भांडातला चहा हातात घेऊन शंभर माणसे न बोलता उभी होती.

दिवसाच्या भागात जुन्या कोलकात्यासाठी जितका वेळ मिळेल, त्यातला सर्वाधिक मी तबकड्यांना देतो. भारतीय ध्वनिमुद्रणाचा इतिहास याच शहरात सुरू झाला. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग या ध्वनिमुद्रकाने गायिका गौहर जान यांचे गाणे इथल्या एका हॉटेलात मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, तेवढ्यात राग मांडून शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९०८ मध्ये सियालदा भागात उभा राहिला आणि पुढे तो दमदमला गेला. महाराष्ट्रातल्या घरांत वाजलेल्या कित्येक नाट्यगीतांच्या तबकड्या कोलकात्यातच छापल्या गेल्या आहेत. आज फ्री स्कूल स्ट्रीटवर, म्हणजे मिर्झा गालिब स्ट्रीटवर, जुन्या तबकड्यांची मोजकी, चिंचोळी दुकाने उरली आहेत. तिथे जाण्यापूर्वी घरच्या संग्रहाची यादी करून न्यावी, नाहीतर घरी असलेलीच तबकडी पुन्हा विकत घेतली जाते. लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी दहा इंची, एलपी म्हणजे लाँग प्ले तबकडी बारा इंची. म्हणून आतून तेहेतीस सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच उंच अशी कडक तळाची पिशवी व पुठ्ठ्याचे चार चौकोन घरूनच न्यावेत. तबकडी खिडकीपाशी उजेडात तिरकी धरून केसाएवढी चीर दिसते का ते पाहावे, मग मधल्या भोकात बोट घालून ती लटकती धरावी आणि कडेला नखाने अलगद टिचकी मारावी. धड तबकडी खणकन वाजते, चिरलेली बद्द वाजते. ७८ च्या तबकडीला सुई वेगळी, जाड लागते. एलपीच्या सुईने ती वाजवून पाहू नये. परतताना तबकड्या उभ्या ठेवून, हातातल्या सामानातच न्याव्यात. माझी एक तबकडी मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवूनही तडकली, आणि ती दुसऱ्यांदा मिळाली नाही.

ट्रामसाठी अर्धा तास पुरतो, परंतु तो अर्धा तास वगळू नये. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली आणि १९०२ पासून विजेवर धावणारी ही ट्राम आता अगदी थोड्या मार्गांवर उरली आहे. गरियाहाट–एस्प्लनेड हा मार्ग आपण जाल तेव्हा चालू असेल, तर मुक्कामाच्या दारातूनच शहराच्या मध्यात जाता येते. चालू आहे की नाही याची खात्री निघण्याच्या आठवड्यात करून घ्यावी. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली. त्यामुळे आपल्यातल्या अनेकांना तिचा आवाज आई-वडिलांच्या सांगण्यातूनच माहीत आहे.

गाण्याच्या दोन रात्रींच्या मधली संध्याकाळ पार्क स्ट्रीटला द्यावी. तिथल्या ट्रिंकाज या उपाहारगृहात गायिका उषा उथुप १९६९ मध्ये साडी नेसून गायला उभ्या राहिल्या आणि त्या रस्त्यावरच्या रात्रींचे रूपच बदलले. तिथे वाद्यवृंद आजही वाजतो. टेबल आधी राखून ठेवावे, आणि दहाला उठावे. कॉलेज स्ट्रीटवरचे कॉफी हाऊस आणि जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या पाहायच्या असतील, तर रविवार टाळावा, कारण बरीच दुकाने बंद असतात. उलट रसेल स्ट्रीटवरच्या १९४० पासूनच्या रसेल एक्स्चेंजमधला जुन्या वस्तूंचा लिलाव रविवारचाच गाठावा. जोडासांकोची ठाकूरबाडी, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांचे घर, आणि व्हिक्टोरिया मेमोरियल सोमवारी बंद असतात. २३ जानेवारीला नेताजींच्या जयंतीची सुट्टी असते, तर २६ जानेवारीला रेड रोडवरच्या संचलनामुळे मैदानाभोवतीचे रस्ते सकाळी अडवलेले असतात. परतीची गाडी त्या दिवशी हावड्याहून असेल, तर टॅक्सीच्या भरवशावर न राहता मेट्रोने निघावे, आणि तबकड्यांची पिशवी सोबत्याकडे न देता स्वतःच्या हातात धरावी.