चाळिशीत एमबीएला अर्ज करताय? या चुका टाळा

इंदूरच्या सुदामानगर, लोकमान्यनगरमधले ओळखीचे बरेच जण एमबीएच्या अर्जातले निबंध वाचायला माझ्याकडे पाठवतात. कोणी बँकेत, कोणी जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात, वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. माणसं भक्कम असतात, अर्ज मात्र पोकळ. दोष वयाला दिला जातो, आणि मला ते पटत नाही.

पहिली चूक फॉर्म भरण्याआधीच होते. ‘एक्झिक्युटिव्ह’ शब्द दिसला की सगळे कोर्स सारखेच वाटतात. आयआयएम इंदूरचा ईपीजीपी हा अनुभवी लोकांसाठीचा कोर्स एक वर्षाचा, पूर्णवेळ आणि निवासी आहे. त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो. त्याच संस्थेचा पीजीपीएमएक्स हा दुसरा कोर्स मुंबईत, नोकरी सांभाळून करता येतो. काही महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट म्हणजे एमबीए नव्हे, त्यावर नाव कितीही मोठं असो. कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांच्या पीजीपीला, म्हणजे नेहमीच्या एमबीएला, जायचा विचार असेल तर सोडून द्या. वर्गातली बहुतेक मुलं विशीतली असतात आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्याही त्यांनाच शोधत येतात.

जीमॅट या प्रवेश परीक्षेसाठी भाच्याची जुनी पुस्तकं घेऊन बसू नका. आताच्या परीक्षेत भूमिती नाही, सेंटेन्स करेक्शन नाही, निबंधही नाही. डेटा इनसाइट्स हा तक्ते-आलेख वाचून उत्तरं काढायचा विभाग आहे आणि गुण २०५ ते ८०५ मध्ये मिळतात. क्वांटला, म्हणजे गणिताच्या विभागाला, कॅल्क्युलेटर देत नाहीत. वर्षानुवर्षं एक्सेलवर काम केलेल्यांचा हात नेमका तिथे अडतो, तेव्हा अपूर्णांक आणि टक्केवारी रोज कागदावर सोडवा.

खरी पडझड अर्जातल्या निबंधात होते. ‘प्रदीर्घ कारकिर्दीत विविध जबाबदाऱ्या यशस्वीपणे पार पाडल्या’ हे वाक्य कोणाच्याही नावावर खपेल. एका मेंटेनन्स मॅनेजरचा मसुदा आठवतो. रात्रपाळीत प्रेस मशीन बंद पडलं की पुण्याहून माणूस येईपर्यंत लाइन थांबायची. यांनी आपल्याच वर्कशॉपमधले दोन फिटर हाताशी धरून तयार केले आणि तो खोळंबा संपवला. मसुद्यात ही गोष्ट अर्ध्या ओळीत होती आणि बढत्यांची यादी दीड पान! अर्ज वाचणाऱ्याला बढत्या सीव्हीत दिसतातच. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: आत्ताच का, आणि पुढे काय? ‘शिकायची आवड आहे’ याने दोन्हींचं उत्तर मिळत नाही. ‘मला प्लांट हेड व्हायचंय, मशिनरीचा प्रस्ताव मी मांडू शकतो, पण तो पैशाच्या हिशेबात पटवून देता येत नाही’ याने मिळतं. उणीव इतकी नेमकी सांगणाऱ्या माणसाचं वय आड येत नाही, उलट त्या वयाचं वजन पडतं.

शिफारसपत्र ओळखीच्या बड्या साहेबांकडून घेण्याचा मोह फार जणांना होतो. ज्यांनी तुमचं काम पाहिलंच नाही ते ‘मेहनती आणि प्रामाणिक’ यापलीकडे काय लिहिणार? तुमचा सध्याचा बॉस वयाने लहान असेल तरी संकोच न करता त्यालाच विचारा. केलेल्या कामांची टिपणं द्या, पत्र मात्र त्याचं त्याला लिहू द्या.

मुलाखतीत तरुण वर्गमित्रांबद्दल विचारतातच. ‘मी त्यांना शिकवीन’ असं एकदम म्हणू नका. त्यांच्याकडून काय शिकायचंय ते आधी सांगा.

कागदपत्रांत बायकांची अडचण जास्त. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर बसू देत नाहीत. विवाह प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) यांच्या मागे आधीच लागा.

पैशाचं घरी बसून मोकळेपणाने बोला. फीशिवाय वर्षभराचा बुडालेला पगार, घराचा हप्ता, मुलांची फी हेही त्याच कागदावर मांडा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी प्राप्तिकरातली वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. नवी निवडली असेल तर ती हिशेबात धरू नका.